स्वतंत्र डॉक्टर आणि सरकारी नोंदवही

दवाखान्याच्या दारावरची पाटी सर्वांच्या परिचयाची असते. डॉक्टराचें नांव, त्याखालीं पदवीचीं अक्षरें आणि बहुधा नोंदणीचा एक क्रमांक. रोगी नांव वाचतो, पदवीकडे कौतुकानें पाहतो आणि क्रमांकाकडे दुर्लक्ष करतो. परंतु स्वतःच्या हिमतीवर धंदा करणाऱ्या डॉक्टराचा सरकारशीं संबंध कसा आला, हा इतिहास त्या क्रमांकांतच सांठलेला आहे.

पूर्वीं वैद्य व हकीम यांना कोणाच्या परवानगीची गरज नसे. घराण्याचा लौकिक आणि हाताला येणारें यश हींच त्यांची सनद. १८४५ सालीं मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें आणि परीक्षा देऊन होणारा डॉक्टर या प्रांतीं निर्माण झाला. १८५१ सालीं पहिली तुकडी बाहेर पडली. तींत भाऊ दाजी लाड हे होते. त्यांनीं स्वतंत्र धंदा आरंभिला, आणि बंधु नारायण दाजी यांच्या साहाय्यानें गोरगरिबांस फुकट औषधोपचार केला. १८७४ सालीं ते वारले. सरकारी हुद्द्यावांचूनहि डॉक्टराला लोकांत केवढी प्रतिष्ठा मिळूं शकते, हें त्यांच्या चरित्रानें दाखविलें.

पण सर्वांचेंच भाग्य तसें नव्हतें. मोठीं रुग्णालयें आणि कॉलेजांतील अध्यापकांच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. त्या नोकरीची स्पर्धा-परीक्षा १८५५ पासून होऊं लागली, परंतु ती लंडनमध्यें. येथील विद्यार्थ्यानें समुद्र ओलांडावा तेव्हां तिला बसावें. शिवाय या अधिकाऱ्यांना पगाराखेरीज खासगी धंदा करण्याचीहि मुभा असे. एका हातीं सरकारी रुग्णालय आणि दुसऱ्या हातीं खासगी फी, अशा माणसाशीं स्वतंत्र डॉक्टरानें कशी बरोबरी करावी? त्याच्या रोग्याला शस्त्रक्रिया लागली कीं रोगीहि गेला आणि फीहि गेली. १८८३ सालीं मुंबईंत बॉम्बे मेडिकल युनियन ही डॉक्टरांची संस्था स्थापन झाली. पुढील दशकांत राष्ट्रीय सभेनेंहि मुलकी वैद्यकखातें लष्करी नोकरीपासून वेगळें करावें असे ठराव केले.

दुसरें संकट बाजारांतलें होतें. ‘डॉक्टर’ अशी पाटी कोणींहि लावावी, त्यास अटकाव नव्हता. इंग्लंडांत १८५८ च्या कायद्यानें डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली होती. हिंदुस्थानांत मुंबई इलाख्यानें १९१२ सालीं प्रथम तसा कायदा केला. बंगाल व मद्रास यांनीं १९१४ सालीं त्याचें अनुकरण केलें. नोंदलेल्या डॉक्टराला कायद्यास लागणारे दाखले देण्याचा अधिकार मिळाला. नोंद नसलेल्याला धंदा करण्याची बंदी मात्र या कायद्यानें केली नाहीं.

कायद्यानें दिलें तसें मागितलेंहि. धंद्यास न शोभणारें वर्तन केल्यास नांव काढून टाकण्याचा अधिकार मेडिकल कौन्सिलला होता, आणि अशा वर्तनाचा अर्थ फार व्यापक केला गेला. मद्रासेंत एका नोंदलेल्या डॉक्टराचें नांव आयुर्वेदीय संस्थेशीं संबंध ठेवल्यामुळें कमी करण्यांत आलें, तेव्हां देशभर खळबळ उडाली. रोग्याला फसविणें आणि दुसऱ्या शास्त्राचा आदर करणें हे दोन्ही अपराध एकाच पंक्तींत कसे बसतात, असा लोकांचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाचें उत्तर मुंबई इलाख्यांत १९३८ सालीं मिळालें. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळांत आरोग्यखातें डॉ. मंचरशा गिल्डर यांच्याकडे होतें. ते स्वतः मुंबईंतील नामांकित हृद्रोगतज्ज्ञ. याच काळांत वैद्य व हकीम यांच्या नोंदणीचा कायदा झाला. शिक्षण घेतलेल्यांसाठीं नोंदवही आणि केवळ अनुभवावर धंदा करीत आलेल्यांसाठीं वेगळी यादी, अशी त्यांत योजना होती. पाश्चात्त्य वैद्यकांतील लायसेन्शिएट डॉक्टरांची तक्रार मात्र राहिलीच. १९३३ च्या अखिल भारतीय मेडिकल कौन्सिलाच्या कायद्यांत त्यांना स्थान मिळालें नव्हतें.

नोंदणीनें खरा-खोटा डॉक्टर ओळखतां आला, पण गांवांत डॉक्टर आला नाहीं. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणें देशांत सुमारें ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर होता, आणि त्यांतले बहुतेक शहरांत. यावर एक उपाय मद्रासेंत व पुढें मुंबई इलाख्यांतहि झाला : खेड्यांत स्थायिक होणाऱ्या डॉक्टराला सरकारनें वार्षिक अर्थसाहाय्य द्यावें, त्यानें गरिबांस विनामूल्य तपासावें आणि ऐपतदारांकडून फी घ्यावी. स्वातंत्र्य त्याचें, आधार सरकारचा. भोर समितीनें निराळा मार्ग सुचविला. पगारी डॉक्टरांचें दळ उभारावें आणि त्यांना खासगी धंद्याची मनाई असावी, असें तिचें मत पडलें. मागील शतकांत स्वतंत्र डॉक्टरांनीं जी कुरकूर केली होती, तिला अशा रीतीनें सरकारी अहवालांत जागा मिळाली.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ सालीं वैद्यांसाठीं व १९६५ सालीं डॉक्टरांसाठीं नवे कायदे आले आणि १९३८ व १९१२ चे कायदे मागें पडले. नोंदवही मात्र राहिली. ती रोग्याला फसवणुकीपासून जपते. आडगांवीं, पावसाळ्याच्या रात्रीं, कंदील घेऊन येणाऱ्या माणसासाठीं दार उघडणारा डॉक्टर तेथें टिकावा, ही सोय नोंदवहीच्या पानावर होत नाहीं. ती समाजाला व सरकारला मिळूनच करावी लागते.