तारेचे कूळ

भाताची झोडणी उरकून माणसे मोकळी झाली, की शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील गावोगावी अखंड हरिनाम सप्ताहाचे मंडप पडतात, आणि तेथे पहाऱ्याला उभा राहिलेला वीणेकरी आपल्या गळ्यातील वीणा भुईला न टेकविता ती दुसऱ्याच्याच गळ्यात उतरवितो. त्याच गावांतून कॉलेजला जाणाऱ्या मुलांच्या खांद्यावर हल्ली गिटारही दिसू लागली आहे. वडीलधाऱ्यांना ती परकी वाटते. पण लाकूड परके असले, तरी तिच्यावर ताणलेली तार वीणेच्या नात्यातलीच आहे.

या तारेचे वैशिष्ट्य असे, की तिला वाद्यकाराच्या घरी सहसा जन्म मिळालाच नाही. युरोपातील गिटारीवर कित्येक शतके मेंढीच्या आतड्याची तात चढत असे, जशी ती आपल्या सारंगीवर चढते. म्हणजे पहिले माहेर खाटिकाचे. दमट हवेत ही तात फुगून स्वर सोडी. पुढे एकोणिसाव्या शतकात पियानोसाठी कठीण पोलादी तार ओढणारे कारखाने निघाले, आणि अमेरिकेतील मार्टिन पेढीने 1922 च्या सुमारास पोलादी तारांसाठीच बांधलेली गिटार नियमितपणे बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धात जखमा शिवण्यासाठी तात जाऊ लागून तिची टंचाई झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी, आंद्रेस सेगोव्हिया या थोर वादकाच्या प्रोत्साहनाने, बायकांच्या मोज्यांमुळे प्रसिद्धीस आलेल्या नायलॉनपासून तारा सिद्ध केल्या. खाटीक, कारखानदार, विणकर: आश्रयदाते बदलत गेले. आपल्याकडेही मिरजेस तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकात ज्या फरीदसाहेबांनी उभा केला, ते मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार होते. तलवारीची मागणी ओसरल्यावर तो हात तंबोऱ्याकडे वळला.

वीणेच्या मधल्या जोडाच्या तारा पोलादी आणि खर्जाची पितळी. गिटारीच्या बारीक दोन तारा उघड्या पोलादाच्या, तर जाड चार पोलादी गाभ्यावर दुसऱ्या धातूचा वेढा दिलेल्या. दुकानदार ज्यास 80/20 ब्राँझ म्हणून विकतो, ते वस्तुतः 80 भाग तांबे आणि 20 भाग जस्त, म्हणजे रसायनाच्या हिशेबी पितळच होय. खर्जाचे आणि त्याचे गोत्र एक. फॉस्फर ब्राँझचा वेढा त्याहून मऊ बोलतो व अधिक टिकतो.

तार चढविण्याची रीत मात्र थोडी निराळी. वीणेवर तारेचा फास तारदानात अडकवून घोडीखालच्या मण्याने स्वर बारीक मिळवितात. गिटारीवर मणी तारेच्या टोकालाच असतो आणि तो घोडीच्या भोकात खिळीच्या टोकावर न अडकता आतील लाकडी पट्टीला भिडला पाहिजे, नाहीतर पिळताच खिळी वर उडते. खुंटीवर जाड तारेचे दोन, बारीक तारेचे तीन वेढे, एकाखाली एक, पुरेत. फार वेढे दिले तर स्वर घसरतो. नवी तार बोटांनी हलकेच ओढून पुनःपुन्हा स्वरात आणावी. सर्व तारा एकदम उतरविल्या तरी आकाश कोसळत नाही, पण एकेक बदलणे घाईच्या माणसाला सोयीचे.

निवड करताना आपल्या हवामानाचा विचार अवश्य व्हावा. माळशेजच्या पायथ्याशी पावसाळ्यात उघडे पोलाद लवकर गंजते. म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात, आणि परवडत असेल तर लेप दिलेल्या घ्याव्यात. नवशिक्याने सर्वांत बारीक तार .010 किंवा .011 इंच जाडीची असलेला संच घ्यावा, कारण .012 च्या संचाचा एकूण ताण 70 किलोच्या घरात जातो आणि कोवळी बोटे सोलून निघतात. नायलॉनच्या तारांचा ताण याच्या निम्म्याच्या आसपास असतो. तेव्हा जी गिटार नायलॉनसाठी बांधलेली आहे, तिच्यावर स्वस्त मिळाल्या म्हणून पोलादी तारा कदापि चढवू नयेत. घोडी उखडते, आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च तारांच्या अनेक संचांहून अधिक येतो.