खूण यात्रेकरूची, वही तीर्थोपाध्यायांची : वेबच्या सामायिक स्मृतीचा इतिहास

१/ नाशिकच्या रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी आलेला यात्रेकरू आडनाव आणि मूळ गाव सांगतो. तेवढ्यावरून त्याच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय वही उघडतात, पूर्वजांची नोंद सापडते, तिच्याखाली नवी नोंद होते. यात्रेकरू केवळ खूण आणतो; स्मृती वहीत असते. वेबवरील 'सेशन' याच तत्त्वावर चालते. #धागा

२/ वेबचा मूळ संकेत, एचटीटीपी, विस्मरणशील आहे. प्रत्येक विनंती त्याला नवखी. १९९४ साली नेटस्केपचे लू माँटुली यांनी 'कुकी' योजली. एमसीआय कंपनीला अर्धवट खरेदीची स्थिती स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायची नव्हती. ती ग्राहकाच्या ब्राउझरकडे सोपवण्यात आली.

३/ परंतु ब्राउझरमधील मजकूर ग्राहकाला बदलता येतो. म्हणून कुकीत केवळ एक यादृच्छिक क्रमांक आणि तपशील सर्व्हरवर, अशी पद्धत रूढ झाली.

४/ वर्दळ वाढली, सर्व्हर अनेक झाले आणि पेच उभा राहिला. पहिल्या सर्व्हरवर लॉगिन केलेल्याला दुसरा ओळखेना. यात्रेकरू परक्या उपाध्यायांच्या दारी गेला, तर त्याची वही तिथे कशी असणार?

५/ पहिला उपाय तीर्थक्षेत्राच्या प्रथेसारखाच : ज्याचा त्याचा सर्व्हर ठरलेला. हे सोपे खरे. पण तो सर्व्हर बंद पडला की त्याच्याकडील सारी सेशन्स बुडतात. वहीला वाळवी लागावी, तसे.

६/ दुसरा उपाय सामायिक वहीचा. याचेही प्राचीन रूप नाशिकला आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. मात्र हे दान निगमसभेत जाहीर होऊन तेथील दफ्तरात नोंदले गेले. पैसा श्रेणींकडे, नोंद सर्वांसाठी एका ठिकाणी.

७/ २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नलसाठी मेमकॅश्ड रचले, ते डेटाबेसवरील भार हलका करण्यासाठी. पुढे अनेकांनी त्यात सेशन्स ठेवली. परंतु जागा भरली की ते जुन्या नोंदी पुसते. म्हणून महत्त्वाच्या सेशनला टिकाऊ भांडार लागते.

८/ तिसरा उपाय : कुकीतच तपशील ठेवून त्यावर गुप्त किल्लीने स्वाक्षरी करणे. सर्व सर्व्हरांवर किल्ली एकच हवी. सामायिक वहीची गरज उरत नाही. पण ती किल्ली फुटली, तर कोणाच्याही नावाची खोटी कुकी प्रत्येक सर्व्हर खरी मानतो.

९/ कुकीच्या संचारालाही सीमा आहे. 'डोमेन' हा गुणधर्म दिल्यास ती एका मूळ डोमेनच्या सर्व उपडोमेनांना मिळते. परक्या डोमेनला ब्राउझर ती देत नाही. १९९७ च्या आरएफसी २१०९ पासून २०११ च्या आरएफसी ६२६५ पर्यंतच्या प्रमाणलेखांत हे नियम घडत गेले.

१०/ तात्पर्य : सर्व्हर कितीही वाढवता येतात. त्याआधी वही कोठे राहील आणि किल्ली कोणाच्या हाती असेल, हे ठरवावे लागते. उषवदाताने ते कातळावर कोरून ठेवले.