पावणेदोन लाखांचं सोनं पन्नास हजारांत का जातं?

शनिवारची संध्याकाळ. घरातल्या माणसाला ॲडमिट करायचंय आणि काउंटरवर पन्नास हजार डिपॉझिट मागितलंय. खात्यात अकरा हजार आहेत. बँक उघडणार सोमवारी. अशा वेळी कपाटातल्या डब्यातून दोन बांगड्या निघतात आणि तासाभरात सराफाच्या काचेवर ठेवल्या जातात. सराफ जो आकडा सांगेल, त्याला घरचा माणूस मान डोलावतो.

नंतर नातेवाईक म्हणतात, "एवढ्यात दिल्या? जरा चौकशी तरी करायची!" आणि मग ती म्हण येतेच: गरजवंताला अक्कल नसते.

खरंच असं असतं का? लोक मौल्यवान वस्तू इतक्या स्वस्तात का देऊन टाकतात? इंग्रजी सिनेमात दिसणारं पॉन शॉप आपल्याकडे त्या नावाने फारसं दिसत नाही. त्याचं काम सराफ, सावकार आणि गोल्ड लोन कंपन्या करतात. सोन्याचंच उदाहरण घेऊन हे समजून घेऊया.

आधी हिशेब: पैसे नेमके कुठे जातात?

समजा, २२ कॅरेटच्या म्हणून घेतलेल्या २० ग्रॅमच्या बांगड्या आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून भाव १०,००० रुपये ग्रॅम धरू. खरेदीच्या दिवशी असं बिल होतं:

- सोनं: २,००,००० रुपये
- घडणावळ १२ टक्के धरली तर: २४,००० रुपये
- ३ टक्के जीएसटी: ६,७२० रुपये
- एकूण: २,३०,७२० रुपये

आता त्याच भावाने त्या मोडायला नेल्या. घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. म्हणजे ३०,७२० रुपये पहिल्याच पायरीवर गेले. हॉलमार्क नाही म्हणून सराफाने टंच काढला आणि तो २० कॅरेट निघाला. जुन्या दागिन्यांत सांधे जोडायला हलका धातू वापरलेला असतो, त्यामुळे असं होऊ शकतं. इथे आणखी १८,१८२ रुपये कमी झाले. वितळवताना होणारी घट म्हणून ३ टक्के कापले, ते ५,४५५ रुपये. हातात आले सुमारे १,७६,००० रुपये.

म्हणजे सराफाने अजिबात फसवलं नाही तरी दोन लाख तीस हजारांचा दागिना एक लाख शहात्तर हजारांचा होतो. त्यातली घडणावळ आणि कर कधीही विकलं तरी जाणारच होते. बाकीच्या साडेतेवीस हजारांवर मात्र बोलता आलं असतं: दुसरीकडे टंच तपासून, घट कमी करून घेऊन, बिल दाखवून. त्यासाठी वेळ हवा होता, आणि तोच नव्हता.

दुकानदार कमी भाव का देतो?

त्याचीही बाजू बघायला हवी. समोर आलेली वस्तू चोरीची निघाली तर पोलीस ती जप्त करतात आणि चौकशी त्याच्यामागे लागते. सोन्याचा भाव उद्या पडू शकतो. वस्तू खोटी असू शकते. शिवाय वस्तू विकली जाईपर्यंत त्याचे पैसे अडकून राहतात. हा सगळा धोका तो भावातून आधीच कापून घेतो.

म्हणूनच कॅमेरा, लॅपटॉप किंवा मोबाईल नेला तर किंमत आणखी खाली येते. सोनं वितळवलं तरी सोनंच राहतं. जुना मोबाईल मात्र दर महिन्याला आणखी जुना होतो, आणि तो आतून कसा आहे हे विकणाऱ्यालाच माहीत असतं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या गाड्यांचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं. घेणाऱ्याला वस्तूची खात्री करता येत नसेल, तर तो चांगल्या वस्तूलाही खराब वस्तूचा भाव देतो. पुढे २००१ साली अकरलॉफ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा सरळ अर्थ असा की पुरावा नसलेली चांगली वस्तू बाजारात संशयित वस्तूसारखी वागवली जाते. आजीच्या काळातल्या पाटल्यांचं बिल कोणाकडे असतं?

गरज वस्तूची किंमत ठरवू लागते

काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात "या बांगड्यांची किंमत किती?" हा प्रश्न नसतोच. "पन्नास हजार होतील का?" एवढाच असतो. दुकानदाराने "होतील" म्हटलं की सुटकेचा श्वास. पुढची घासाघीस तिथेच संपते. अनुभवी दुकानदार त्यामुळे आधी वजन विचारत नाही. तो विचारतो, "किती लागतात?" आणि आपण खरं उत्तर देऊन टाकतो.

दुसरी गोष्ट लाज. दागिना मोडायला नेणं म्हणजे घरची परिस्थिती बाहेर काढणं, असं आपल्याकडे मानतात. म्हणून लोक ओळखीच्या सराफाकडे न जाता दुसऱ्या गावात, दुसऱ्या पेठेत जातात. कधी नवऱ्याला न सांगता बायको जाते, कधी बायकोला न सांगता नवरा. चार दुकानं फिरणं म्हणजे चार ठिकाणी सांगणं. गुपित राखण्याची किंमतही त्या कमी भावात असते.

सगळ्यात स्वस्त विक्री: बुडालेलं गहाण

बरेच लोक विकायला जातच नाहीत. "दोन महिन्यांत सोडवू" म्हणून गहाण ठेवतात. आणि इथे एक गोष्ट बाहेरून मूर्खपणाची वाटते, पण ती तशी नसते. दीड लाख मिळत असताना लोक मुद्दाम पन्नास हजारच घेतात. कारण कर्ज लहान तर सोडवणं सोपं. दागिना परत आणायचा आहे, म्हणूनच ते कमी पैसे घेतात.

गडबड व्याजात होते. विनापरवाना सावकाराचा दर "शेकडा पाच" असेल, तर तो महिन्याचा असतो. पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार. वर्षाने सोडवायला ऐंशी हजार लागतात. तेवढे एकरकमी जमत नाहीत, सावकार "मुदत संपली" म्हणतो आणि दागिना बुडतो. पावणेदोन लाखांचं सोनं पन्नास हजारांत गेलं, ते असं. त्या माणसाने ते त्या भावाने विकायचं कधी ठरवलंच नव्हतं.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार सावकाराला सहकार विभागाच्या निबंधकाकडून परवाना घ्यावा लागतो. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. त्या साली ठरवलेल्या दरांनुसार तारण कर्जाला शेतकऱ्यांसाठी वर्षाला ९ टक्के आणि इतरांसाठी १५ टक्के ही मर्यादा आहे. पन्नास हजारांवर १५ टक्के म्हणजे महिन्याला ६२५ रुपये. वरचे अडीच हजार आठवा, म्हणजे फरक कळेल. विनापरवाना सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, या कार्यालयात करता येते.

बँका, सहकारी बँका आणि गोल्ड लोन कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नवे नियम जाहीर केले. ते लागू करण्याची शेवटची मुदत १ एप्रिल २०२६ होती. त्यातले कामाचे मुद्दे:

- घरगुती गरजेसाठी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. पाच लाखांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के.
- सोन्याची शुद्धता आणि वजन कर्जदाराच्या समोर तपासायचं.
- कर्ज फिटल्यावर जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत द्यायचे. संस्थेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.
- लिलाव करायचा तर आधी नोटीस द्यायची. थकबाकी वजा जाता उरलेले पैसे कर्जदाराला परत द्यायचे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बँकेत गहाण बुडालं तरी वरचे पैसे तुमचे असतात. चिठ्ठीवर चालणाऱ्या सावकाराकडे वरचं काहीच परत येत नाही. हे नियम पतसंस्थांना लागू नाहीत, त्यामुळे तिथे अटी आधी वाचून घ्या.

मग अकलेचं काय?

आता त्या म्हणीकडे येऊ. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या. एकदा तोडणीआधी, हातात पैसा नसताना. एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. माणसं तीच होती, तरी पैशाची ओढाताण असताना त्यांचे गुण लक्षणीय कमी आले.

म्हणजे अक्कल कुठे जात नाही. ती "सोमवारपर्यंत कसं निभवायचं" याच विचारात पूर्ण गुंतलेली असते. टंच, घट, व्याजाचा दर यांच्यासाठी डोक्यात जागाच उरत नाही. कोल्हापूर, सांगलीकडच्या ऊसवाल्या घरांत बिल जमा होण्याआधीचे आणि नंतरचे दिवस ज्याने पाहिलेत, त्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून हे आजच करून ठेवा

गरजेच्या वेळी विचार करणं अवघड, तर तो विचार गरज नसताना करून ठेवायचा.

- दागिन्यांची बिलं शोधा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. प्रत्येक दागिन्याचं वजन लिहून ठेवा.
- नव्या हॉलमार्कवर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून खात्री करता येते.
- हॉलमार्क नसलेला जुना दागिना मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात शुल्क भरून तपासून घेता येतो. तो अहवाल जपून ठेवा.
- जवळच्या कोणत्या बँकेत सोनेतारण कर्ज मिळतं, किती वेळ लागतो, शनिवारी चालू असतं का, हे एकदा विचारून या.
- वेळ आलीच तर "किती लागतात?" या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नका. आधी वजन, टंच आणि आजचा भाव कागदावर लिहून मागा.
- "गहाण सोनं सोडवून देतो" अशा जाहिराती दिसल्या, तर ती बहुतेक वेळा विक्री असते हे लक्षात ठेवा. उरलेले पैसे किती मिळणार, ते आधी लेखी घ्या.

आणि घरात हे सगळ्यांना माहीत असू द्या. ॲडमिट होणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, ज्याला बिलं कुठे ठेवलीत हे ठाऊक असतं.