मानूश जँगो : दोन बोटांची गिटार

१/ जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममध्ये, भटक्या रोमा समाजाच्या मानूश शाखेत झाला. रोमानी भाषेचे मूळ भारतीय. ‘मानूश’ म्हणजे आपला ‘माणूस’च.

२/ १९२८ मध्ये राहत्या गाडीला आग लागून त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्यांनी वादनाची नवी रीत घडवली.

३/ १९३४ मध्ये पॅरिसात व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांच्यासह त्यांनी केवळ तंतुवाद्यांचा जॅझवृंद उभारला.

४/ पुढे नाझींनी लाखो रोमांचा संहार केला. जर्मनव्याप्त पॅरिसात जँगो मात्र वाजवत राहिले. ज्यांच्या नावातच माणूस होता, त्यांचेच माणूसपण नाकारले गेले; ते सुरांनी जपले.