जुनें यंत्र आणि नवी तबकडी

संसारी माणूस जुनें घर पाडून नवें बांधीत नाहीं. निभावेल तोंवर तो एखादा खण वाढवितो, पडवी काढतो, माळा घालतो. घरांतील संगणकाच्या बाबतींतहि पुष्कळ कुटुंबांत हेंच धोरण दिसून येतें. आठ-दहा वर्षांपूर्वीं घेतलेलें यंत्र अद्याप चालतें. पडदा ठीक आहे, कळफलक ठीक आहे. पण त्याची कोठी, म्हणजे जिच्यावर सर्व मजकूर साठविला जातो ती हार्ड डिस्क, काठोकाठ भरलेली असते. मुलांचीं छायाचित्रें, वडिलांचे हिशेब, लग्नाचें चलच्चित्र यांपैकीं काय पुसावें हा प्रश्न उभा राहतो, आणि मग मोठी तबकडी आणून बसविण्याचें ठरतें. काम दिसावयास सोपें : चार स्क्रू, दोन तारा आणि अर्धा तास. परंतु ज्यांनीं हें काम जुन्या यंत्रांत केलें, त्यांपैकीं अनेकांना एक चमत्कारिक अनुभव आला. तबकडी मोठी, पण यंत्र म्हणे ती लहानच आहे. दहा खोल्यांचें घर विकत घ्यावें आणि दोनच खोल्यांचीं दारें उघडावींत, तसा हा प्रकार. त्याचें कारण तबकडीच्या धातूंत नाहीं. तें तिच्या इतिहासांत आहे.

हा इतिहास १९५६ च्या सप्टेंबरांत सुरू होतो. अमेरिकेंतील सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत आय. बी. एम. कंपनीनें रॅमॅक नांवाचें यंत्र तयार केलें. तें करणाऱ्या मंडळींचा प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हा पूर्वीं मिशिगनमध्यें शाळामास्तर होता. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणारें यंत्र त्यानें शोधून काढलें आणि त्यामुळेंच कंपनीनें त्याला आपल्याकडे घेतलें. रॅमॅकच्या कोठींत चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या असून त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. लोहभस्माचा रंग त्यांच्यावर ओतून चुंबकीय थर चढविलेला असे. एवढ्या सगळ्या खटाटोपांतून साठत काय, तर ५० लाख अक्षरें. या कोठीचें वजन एक टनाहून अधिक होतें आणि ती विकत न घेतां बहुधा भाड्यानें आणीत.

पुढें दोन गोष्टींनीं ही अवाढव्य कोठी घरापर्यंत आणली. १९७३ सालीं विंचेस्टर या टोपणनांवाच्या रचनेंत तबकडी आणि तिच्यावर लिहिणारें-वाचणारें हेड हीं दोन्ही एकाच बंद डबींत घालण्यांत आलीं. नंतर १९८० सालीं अ‍ॅलन शुगार्ट यांच्या कंपनीनें, जी पुढें सीगेट म्हणून प्रसिद्धीस आली, सव्वापांच इंची तबकड्यांची पांच मेगाबाइटची डबी बाजारांत आणली. रॅमॅकला भली थोरली जागा लागे. ही डबी टेबलावरील यंत्राच्या पोटांत मावली. १९८३ सालीं आय. बी. एम.च्या एक्स. टी. संगणकांत दहा मेगाबाइटची तबकडी आली आणि त्या काळच्या कारकुनाला ती अक्षय्य वाटली.

तबकडींत बदल करण्याचा प्रश्नहि येथूनच उद्भवला. १९८४ च्या ए. टी. संगणकांत मोजक्या जातींच्या तबकड्यांची एक यादी कायमची कोरून ठेविली होती. मालकानें आपल्या तबकडीचा क्रमांक त्या यादींतून निवडावयाचा. बाजारांत मिळालेली तबकडी यादींत नसेल, तर यंत्राच्या लेखीं ती जगांतच नाहीं.

पुढची अडचण याहून सूक्ष्म होती. तबकडीवरील प्रत्येक तुकडा ५१२ बाइटांचा. त्याला शोधावयाचें तर पत्ता पाहिजे. हा पत्ता तीन अंकांनीं सांगत : कितवें वर्तुळ, कितवें हेड आणि वर्तुळांतील कितवा तुकडा. यंत्राची बायॉस नामक मूळ आज्ञावली १०२४ वर्तुळें, २५६ हेडें आणि ६३ तुकडे ओळखी. उलट तबकडीच्या बाजूस ठरलेली पद्धत ६५,५३६ वर्तुळें, परंतु १६ च हेडें आणि २५५ तुकडे मानी. एकट्या बायॉसला सुमारें ८.४ अब्ज बाइट मोजतां आले असते. एकट्या तबकडीला सुमारें १३७ अब्ज. पण दोघांचा व्यवहार जुळावा म्हणून प्रत्येक अंकांत लहान असेल तोच धरावा लागे. १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२. म्हणजे अवघे ५२,८४,८२,३०४ बाइट. दोन उदार माणसांनीं एकमेकांस न विचारतां केलेल्या नियमांतून असें कृपण राज्य निर्माण झालें.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ही भिंत घरोघरीं लागली. त्यावर उपाय निघाले तेहि संसारी वळणाचे होते. कोणी वर्तुळांची संख्या कागदोपत्रीं निम्मी करून हेडें दुप्पट दाखविलीं. कोणी तबकडीच्या आरंभींच एक लहानशी मध्यस्थ आज्ञावली बसविली. शेवटीं तिन्ही अंक सोडून सर्व तुकड्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ क्रमांक देण्याची रीत रूढ झाली.

परंतु क्रमांकालाहि घरें मोजूनच ठेविलेलीं असतात. त्या रीतींत अठ्ठावीस द्विमान घरें होतीं. म्हणून १,३७,४३,८९,५३,४७२ बाइटांपाशीं पुन्हा भिंत आली. २००२ सालच्या नव्या नियमानें घरें अठ्ठेचाळीस केलीं. मधल्या काळांत जो धोका होता तो मात्र केवळ गैरसोयीचा नव्हता. तबकडीचा खरा आकार कळलेला, पण लिहिणारी आज्ञावली जुनी, अशा यंत्रांत सीमेपलीकडे लिहूं जातां क्रमांकाचे वरचे अंक गळून पडत. सायकलच्या मापयंत्रांत ९९९९ नंतर पुन्हा ०००० यावें, त्याप्रमाणें नवा मजकूर तबकडीच्या आरंभीं जाऊन पडे. आणि आरंभीं तर साऱ्या कोठीची सूची असते. तबकडी अर्धवट भरेपर्यंत सर्व सुरळीत चाले, आणि एके दिवशीं अनेक वर्षांचा संग्रह एकदम दिसेनासा होई. पुढें २०१० च्या सुमारास तीन टेराबाइटांच्या तबकड्या आल्या, तेव्हां १९८३ पासून चालत आलेल्या विभागणीच्या तक्त्यानें सुमारें २.२ लाख कोटि बाइटांवर पुनः हात टेकले.

या साऱ्या भिंती बांधणारे लोक अदूरदर्शी होते काय? तसें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. दहा मेगाबाइटच्या काळांत एक-एक द्विमान घर मोलाचें होतें. स्मृति महाग होती. त्यांनीं त्या दिवसाच्या गरजेच्या शेकडों पट मोठें माप दिलें होतें. चूक त्यांच्या अंदाजाहून त्यांच्या यशांत अधिक आहे : त्यांचे नियम इतके टिकले, कीं ज्यांच्यासाठीं ते केलेच नव्हते अशा नातवंडांवरहि ते चालूं राहिले.

आज फिरत्या तबकडीच्या जागीं पुष्कळ घरांत एस. एस. डी. बसविली जाते. तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांच्या संशोधनांतून निघालेल्या फ्लॅश स्मृतीवर ती चालते. तींत फिरणारें कांहींच नाहीं. जुन्या यंत्राला तिनें पुनः तारुण्य येतें हें खरें. पण २००३ पासून आलेली अरुंद साटा तार ज्या यंत्रांत नाहीं, रुंद चपटी पट्टीच आहे, तेथें ती मध्यस्थ जोडणीवांचून बसत नाहीं. म्हणून खण वाढविण्यापूर्वीं आपलें यंत्र किती मोठा पत्ता ओळखतें, हें पाहून घ्यावें. असलेल्या संग्रहाची प्रत दुसरीकडे करावी. आणि नवी तबकडी भरून वापरून खात्री होईपर्यंत जुनी पुसूं नये. यंत्राची जागा वाढवितां येते. पण वडिलांच्या हस्ताक्षराची एकुलती एक प्रतिमा पुसली गेली, तर ती परत आणणारा कारागीर बहुधा मिळत नाहीं.