दोन यहुदी बिल्डर आणि एक अट



डिमोना, बेरशेबा, लोद, अश्दोद येथे पहिली वर्षे काढलेल्या आपल्या समाजबांधवांना ती एकसारखी 'शिकून'ची घरे आठवत असतील. (हा हिब्रू 'शिकून', म्हणजे वसाहत, मराठी शिकण्याशी त्याचा संबंध नाही, हे आम्ही जुन्या मास्तरकीच्या सवयीने सांगून टाकतो.) एक घर पाहिले की सगळी पाहिली, अशी ती घरे. त्याच सुमारास अमेरिकेतही एकसारख्या घरांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहत होत्या आणि त्या बांधणारे एक यहुदी कुटुंब होते. त्यांची हकीकत आपण वाचावी, कारण तिचा एक धागा आपल्या समाजापर्यंत येतो.

अब्राहम लेव्हिट हे न्यू यॉर्कचे वकील. विल्यम आणि आल्फ्रेड या दोन मुलांसह त्यांनी १९२९ साली 'लेव्हिट अँड सन्स' ही बांधकाम कंपनी काढली. विल्यम व्यवहार पाही, आल्फ्रेड नकाशे काढी. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा लाखो सैनिक घरी परतले, त्यांची लग्ने झाली, मुले झाली. पण राहायला जागा नव्हती. कित्येक जोडपी आईबापांच्या घरी एका खोलीत दिवस काढीत होती. लेव्हिट यांनी न्यू यॉर्क शहराबाहेर, लाँग आयलंडवर, बटाट्याची शेते विकत घेतली आणि १९४७ साली तेथे घरे बांधायला सुरुवात केली. या वसाहतीचे नाव लेव्हिटटाउन.

त्यांची बांधण्याची रीत वेगळी होती. कारखान्यात वस्तू पट्ट्यावरून सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. येथे घर जागेवर आणि कामगार सरकत जाई. कामाचे पंचवीसहून अधिक टप्पे पाडले होते. एक टोळी फक्त काँक्रीटची लादी ओती, दुसरी फक्त भिंतीचे सांगाडे उभे करी, रंगाऱ्यांतही एक रंग एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. लाकूड आधीच मापात कापून येई आणि त्याचे गठ्ठे ठरावीक अंतरावर रस्त्याकडेला टाकलेले असत. तळघर नाही, लादीतच गरम पाण्याच्या नळ्या बसवून घर उबदार ठेवीत. कामाला वेग आला तेव्हा दिवसाला तीस घरे पुरी होत. १९५१ सालापर्यंत १७,४४७ घरे झाली. मधूनमधून हिरवळ राखून तिच्याकडेला वाण्याचे दुकान, न्हाव्याचे दुकान, खाण्यापिण्याची जागा अशी सोय केली होती. पोहण्याचे तलाव होते. सुरुवातीला भाडे महिना ६० डॉलर. पुढे घरे विकायला काढली तेव्हा किंमत आठ हजार डॉलरच्या आत, आणि सरकारी हमीमुळे माजी सैनिकाला आगाऊ रक्कमही भरावी लागत नसे. गिरणीतल्या कामगारालाही स्वतःचे अंगण मिळाले. हे काम लहान नव्हे. त्याचे श्रेय लेव्हिट यांना द्यायलाच हवे.

परंतु भाडेपट्ट्यात पंचविसावे कलम होते. गोऱ्या वंशाच्या माणसांखेरीज कोणालाही या घरात राहू देता येणार नाही, असे त्यात लिहिले होते. घरकामाच्या नोकरांपुरती तेवढी सवलत होती. म्हणजे कृष्णवर्णी बाईने भांडी घासायला यावे, बिऱ्हाड करायला येऊ नये. हा एकट्या लेव्हिट यांचाच दोष नव्हता. कर्जाला हमी देणारे सरकारी खातेच त्या काळी मिश्र वस्तीला नाक मुरडीत असे. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, असल्या अटी कोणतेही न्यायालय अमलात आणणार नाही. कागदावरचे कलम गेले, पण विक्री गोऱ्यांनाच होत राहिली. युद्धात लढून आलेला कृष्णवर्णी सैनिक कार्यालयात आला, तर त्याला परत पाठवीत.

विल्यम लेव्हिट यांनी आपली बाजू उघडपणे मांडली होती. आपण यहुदी आहोत, आपल्या मनात वर्णद्वेषाला जागा नाही. पण एका कृष्णवर्णी कुटुंबाला घर विकले तर गोरी गिऱ्हाइके येणार नाहीत. घरांचा प्रश्न सोडवावा की वर्णाचा, दोन्ही एकदम सुटणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्याने यहुदी म्हणून जन्म घेतला, ज्याच्या बांधवांवर युरोपात नुकतेच काय गुदरले हे ज्याला ठाऊक होते, त्याने असे बोलावे याचे आम्हांस आजही वाईट वाटते.

१९५२ साली लेव्हिट यांनी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील बक्स परगण्यात दुसरे लेव्हिटटाउन बांधायला घेतले. तेथील एका गोऱ्या मालकाकडून विल्यम आणि डेझी मायर्स या कृष्णवर्णी दांपत्याने घर विकत घेतले आणि ऑगस्ट १९५७ मध्ये मुलांसह ते राहायला आले. नवरा माजी सैनिक, बायको पदवीधर. रात्र झाली की शेकडो लोक घराभोवती जमत. खिडक्यांवर दगड आले. एक पोलीस दगड लागून बेशुद्ध पडला, तेव्हा राज्याचे पोलीस आणावे लागले. मायर्स यांच्या शेजारच्या घरात वेक्स्लर नावाचे यहुदी कुटुंब राहत होते. ते नव्या शेजाऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून त्यांच्या भिंतीवरही द्वेषाची अक्षरे रंगविली गेली. तरीही ते हटले नाहीत. लेव्हिटही यहुदी आणि वेक्स्लरही यहुदी, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता दुसरा बिल्डर. मॉरिस मिल्ग्रम हे रशियातून आलेल्या यहुदी आईबापांचे चिरंजीव. सासऱ्यांच्या बांधकामाच्या धंद्यात शिरले, तेव्हाच त्यांनी मनाशी ठरविले होते की, गोरे आणि कृष्णवर्णी शेजारी शेजारी राहतील अशी घरे आपण बांधायची. बँका कर्ज देईनात. जॉर्ज ऑटो नावाच्या क्वेकर पंथाच्या गृहस्थांची त्यांना साथ मिळाली आणि १९५४ साली त्याच बक्स परगण्यात, लेव्हिटटाउनपासून काही मैलांवर, 'कॉन्कॉर्ड पार्क' सुरू झाले. घरे १३९. तेथे गोरी गिऱ्हाइके आली, घरे विकली गेली, आणि शेजारी शेजाऱ्यासारखे राहिले. वस्ती मिश्र राहावी म्हणून मिल्ग्रम यांनी दोन्ही वर्णांचे प्रमाण ठरवून दिले होते. त्यामुळे कृष्णवर्णी गिऱ्हाइकांना थांबावे लागे आणि त्याचा त्यांना सल होता, हेही सांगितले पाहिजे. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी १९ घरांची आणखी एक वसाहत बांधली आणि स्वतः तेथे राहायला गेले. इलिनॉय राज्यातील डीअरफील्ड गावात मात्र ते हरले. त्यांची घरे उभी राहू लागली, तेव्हा गावाने १९५९ साली मतदान घेऊन ती जागा बागेसाठी घ्यायचे ठरविले.

हिशेब करू गेल्यास मिल्ग्रम यांची घरे लेव्हिट यांच्या घरांपुढे मूठभर. पण गोरी गिऱ्हाइके येणारच नाहीत, हा लेव्हिट यांचा युक्तिवाद त्या १३९ घरांनी खोटा पाडला. पुढे १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, वर्ण पाहून घर नाकारणे बेकायदेशीर ठरविणारा कायदा झाला.

आता आपला धागा. इस्राएलमध्ये १९६२ पासून रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला होता. १९६४ साली आम्ही मुंबईत शाळेत होतो. यरुशलायममध्ये आपले बांधव धरणे धरून बसल्याच्या बातम्या येत, तेव्हा घरातील वडीलमंडळी वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन गप्प बसलेली आम्हांस आठवतात. ऑगस्टच्या १७ तारखेला क्नेसेतने ठराव केला की, बेने इस्राएल सर्व दृष्टींनी यहुदी आहेत. त्या दिवशी घरात गोड झाले होते.

परंतु त्याच घरात, स्थळ सांगून आले की 'गोरे इस्राएल की काळे?' ही चौकशी हळू आवाजात होत असे. आमच्या लहानपणी ती प्रथा विरत चालली होती, तरी संपली नव्हती. एके काळी तर लग्नसंबंधच काय, एका ताटात जेवणेही नको होते. रब्बींनी आपल्याला विचारलेला प्रश्न आपणच आपल्या भावंडांना पिढ्यान् पिढ्या विचारीत आलो होतो. आणि ज्या कोकणात आपले पूर्वज शनवार तेली म्हणून मानाने राहिले, तेथेही महारवाडा गावकुसाबाहेर होता. तो कोणी बाहेर ठेवला, हे आपण कधी फारसे विचारले नाही.

म्हणून लेव्हिट यांना नावे ठेवताना आमचा हात थबकतो. त्यांचे पंचविसावे कलम छापलेले होते. आपले तोंडी होते, एवढाच फरक.

डेझी मायर्स यांची त्या भागाच्या महापौरांनी १९९९ साली जाहीर माफी मागितली. तोवर बेचाळीस वर्षे लोटली होती आणि त्यांचे पती हयात नव्हते. आपल्यातील ज्या कुटुंबांना 'काळे' म्हणून दूर बसविले, त्यांची कोणी माफी मागितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. त्या घरांतील वयस्कर मंडळी अजून आहेत. त्यांनी आपली हकीकत मराठीत वा हिब्रूत लिहून या अंकाकडे पाठवावी, अशी आमची विनंती आहे. आणि ज्यांच्या घरी ती चौकशी होत असे, त्यांनीही लिहावे. सुरुवात आम्ही वर केली आहे.

शालोम.