लाल आणि माणिक

सुवर्णकाम व रत्नजडाव हे आपल्या ज्ञातीचे परंपरागत व्यवसाय. त्यांत सोन्याहूनही मोलाची गोष्ट एकच, ती म्हणजे पारख. तिचे महत्त्व पटविणारा एका तांबड्या रत्नाचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

लाल अथवा लालडी आणि माणिक ही दोन्ही रत्ने दिसावयास जुळ्या बहिणींसारखी. दोहोंस तांबडा रंग येतो तो क्रोमियम धातूच्या अल्पशा अंशामुळेच. परंतु माणिक हे ॲल्युमिनियमचे भस्म. लालात त्याच्या जोडीस मॅग्नेशियमही असते. माणकाचे काठिण्य ९, लालाचे ८. म्हणून माणकाने लालावर ओरखडा उठतो, लालाने माणकावर उठत नाही. माणिक पाण्याच्या सुमारे चौपट जड, लाल सुमारे ३.६ पट. माणिक निरनिराळ्या दिशांनी पाहता तांबड्या रंगाच्या दोन छटा दाखविते. लाल सर्व बाजूंनी एकाच छटेचे दिसते.

पामीर पर्वतातील बदख्शान प्रांत हे लालाचे प्रख्यात माहेर. अकराव्या शतकातच अल्‌बेरुनी याने आपल्या रत्नविषयक ग्रंथात लाल व याकूत, म्हणजे माणिक, यांचे निरनिराळे वर्णन केले. अकबराच्या रत्नागाराचे वर्णन करणाऱ्या 'आईन-इ-अकबरी'तही ही नावे वेगळी आहेत. युरोपात मात्र १७८३ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रोमे द लील याने हा भेद शास्त्रीय रीतीने स्पष्ट करीपर्यंत मोठमोठी लाल रत्ने माणिक म्हणूनच मिरविली गेली. इंग्लंडच्या राजमुकुटातील 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' हे वस्तुतः लालच होय.

तीच कथा 'तैमूरच्या माणका'ची. ३५२.५ कॅरटच्या या रत्नावर जहांगीर, शहाजहान, नादिरशहा, अहमदशहा अब्दाली इत्यादिकांची नावे कोरलेली आहेत. १७३९ मध्ये नादिरशहाने ते दिल्लीहून नेले. पुढे ते लाहोर दरबारी आले, १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडले आणि १८५१ मध्ये व्हिक्टोरिया राणीकडे गेले. ते माणिक नव्हे. इतकेच नव्हे, तर तैमूरशी असलेला त्याचा संबंधही अभ्यासकांनी अमान्य केला आहे. नावातील दोन्ही शब्द चुकीचे, रत्न मात्र अस्सल!

लाल असणे हा लालाचा कमीपणा नव्हे. बादशहांनी त्यास लाल म्हणून ओळखूनच मस्तकी धारण केले. कमीपणा आहे तो लालास माणिक म्हणून विकण्यात. १९०२ साली व्हर्नोय याने भट्टीत माणिक घडविण्याची रीत प्रसिद्ध केल्यापासून तर केवळ काठिण्य व वजन यांवर विसंबूनही भागत नाही. सूक्ष्मदर्शकाची जोड हवी. तरुण बांधवांनी वडिलांच्या नजरेस शास्त्राची ही जोड द्यावी, आणि ग्राहकाच्या हाती रत्न ठेवताना त्याचे खरे नावही ठेवावे. आपल्या पेढीची पत त्यातच आहे.